शिख्ये : भाताला गोडी आणणारे मोड

उन्हाळ्यात रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवले, तर सकाळपर्यंत तो आंबतो. हा आपल्या रोजच्या अनुभवातला भाग आहे. कोरियात मात्र भात असाच पाण्यात ठेवून त्याचे गोड पेय करतात. पाच-सहा तासांत भात आंबत तर नाहीच, उलट साखरेचा एक दाणाही न घालता पाणी गोड लागू लागते. या पेयाचे नाव शिख्ये. सणासुदीच्या जेवणानंतर ते देण्याची रीत जुनी आहे. आता ते कॅनमध्ये आणि बाटल्यांतही मिळते, आणि उन्हाळ्यात बर्फासारखे गार करून पितात. पेल्यात वर भाताची पांढरी शिते तरंगत असतात.

ही गोडी येते कुठून? आणि भात आंबत का नाही? दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्याला नववी-दहावीच्या पुस्तकातले विकर प्रत्यक्ष कामाला लागलेले दिसतील.

मोड आलेले सातू

शिख्येसाठी भाताखेरीज एकच महत्त्वाची वस्तू लागते. ती म्हणजे मोड आणून, वाळवून, भरडलेले सातू. कोरियन भाषेत याला यॉतगिरम म्हणतात. इंग्रजीतून आलेला आपल्या ओळखीचा शब्द म्हणजे माल्ट.

सातूच्या दाण्यात पिष्ट, म्हणजे स्टार्च, साठवलेले असते. ती अंकुराची शिदोरी. पण पिष्टाचा रेणू म्हणजे ग्लुकोजच्या शेकडो-हजारो रेणूंची साखळी. एवढा मोठा रेणू अंकुराला जसाच्या तसा वापरता येत नाही. म्हणून दाणा रुजू लागला की त्यात पिष्टाचे तुकडे करणारी विकरे कार्यरत होतात. त्यांना अमायलेज म्हणतात. अल्फा-अमायलेज साखळी मध्येच कुठेही तोडते. बीटा-अमायलेज टोकाकडून ग्लुकोजच्या दोन-दोन रेणूंची जोडी सुटी करते. ही जोडी म्हणजेच माल्टोज. सातूचे संस्कृत नाव यव, म्हणून माल्टोजला मराठीत यवशर्करा म्हणतात.

मोड आलेला दाणा बेताच्या उष्णतेने वाळवला, तर अंकुराची वाढ थांबते, पण विकरे शाबूत राहतात. पुढे पाण्यात भिजवले की ती पाण्यात उतरतात. 1833 साली पायेन आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी अशाच मोड आलेल्या सातूतून पिष्ट विरघळवणारा पदार्थ वेगळा काढला आणि त्याला डायस्टेज हे नाव दिले. विकरांच्या नावांच्या शेवटी 'एज' लावण्याची पद्धत या नावावरूनच पडली.

पेय कसे करतात

सातूचे भरड पीठ कोमट पाण्यात भिजवून चोळतात, गाळतात आणि पाणी निवळू देतात. तळाचा गाळ टाकून वरचे पाणी तेवढे घेतात. विकरे या पाण्यात असतात. हे पाणी मोकळ्या शिजवलेल्या भातावर ओततात.

तांदूळ आधी शिजवावा का लागतो? कच्च्या तांदळातले पिष्ट घट्ट कणांच्या रूपात असते आणि विकरांना त्यात सहज शिरकाव मिळत नाही. शिजताना हे कण पाणी शोषून फुगतात, त्यांची बांधणी सैल होते आणि विकरांना वाट मोकळी होते.

यानंतरचा टप्पा सर्वांत नाजूक. हे मिश्रण चार ते सहा तास सुमारे 60 ते 65 अंश सेल्सिअसला ठेवायचे असते. या तापमानाला सातूची अमायलेज जोमाने काम करते. तापमान 80 अंशांच्या आसपास गेले, तर विकरांची रचना मोडते आणि गोडी येण्याचे थांबते. उलट ते 30-40 अंशांवर रेंगाळले, तर तयार झालेली साखर लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंच्या हाती लागते आणि पेय आंबते. 60 अंशांच्या वर हे जिवाणू वाढू शकत नाहीत. भात का आंबत नाही, याचे उत्तर इथे मिळते.

तापमापक नसताना कोरियन बायका हे कसे साधत? कोरियातल्या जुन्या घरांत ओंदोल नावाची व्यवस्था असे. चुलीचा धूर आणि गरम हवा जमिनीखालून खेळवून फरशी तापवली जाई. फरशीच्या सर्वांत ऊबदार जागी भांडे ठेवून त्यावर दुलई गुंडाळत. आज हे काम विजेवर चालणारा भाताचा कुकर करतो. त्यातली 'गरम ठेवा' ही सोय या कामासाठी सोयीची ठरते.

काम झाल्याची खूणही भातच देतो. काही शिते पृष्ठभागावर येऊन तरंगू लागतात. शितातले पिष्ट निघून गेल्याने ते पोकळ आणि हलके होते, आणि भोवतालचे पाणी साखरेमुळे अधिक घन होते. ही शिते बाजूला काढून गार पाण्यात धुतात. न धुता ठेवली, तर त्यांच्या पोकळीत गोड द्रव राहतो आणि पेल्यात ती तळाशी बसतात.

उरलेला द्रव आले घालून उकळतात. उकळल्याने विकरांचे काम थांबते आणि जिवाणूही मरतात. माल्टोजची गोडी आपल्या साखरेच्या निम्मी किंवा त्याहून कमी असते, म्हणून या वेळी बहुतेक जण वरून साखरही घालतात. हाच द्रव उकळून आटवत नेला, तर काकवीसारखा पाक आणि पुढे यॉत नावाची चिकट मिठाई तयार होते.

पचनाला खरोखर मदत होते का?

शिख्येमुळे जेवण पचते, असे कोरियात म्हटले जाते. त्यासाठी त्यातल्या विकरांचा दाखलाही दिला जातो. पण आताच आपण पाहिले की शेवटी हे पेय उकळतात. उकळल्यावर अमायलेज निकामी होते. तेव्हा पेल्यातल्या शिख्येत पोटातले पिष्ट पचवणारी विकरे उरलेली नसतात. पिष्टाचा काही भाग भांड्यातच 'पचलेला' असतो, एवढे मात्र खरे. आणि हे पेय शेवटी साखरेचे पाणी आहे. मधुमेह असणाऱ्यांनी 'घरचे आहे' म्हणून निर्धास्त राहू नये.

वर्गात करून पाहू

सातू (जव) रात्रभर भिजवून फडक्यात बांधावेत. तीन-चार दिवसांत चांगले मोड आले की वाळवून भरडावेत. दोन चमचे भरड कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून वरचे निवळ पाणी घ्यावे. भाताची पातळ पेज गाळून सुमारे 60 अंशांपर्यंत निववावी आणि चार परीक्षानळ्यांत समान घ्यावी.

1. पेज आणि साधे पाणी, 60-65 अंशांच्या पाण्यात.
2. पेज आणि सातूचे पाणी, 60-65 अंशांच्या पाण्यात.
3. पेज आणि सातूचे पाणी, वर्गातल्या तापमानाला.
4. पेज आणि उकळून निववलेले सातूचे पाणी, 60-65 अंशांच्या पाण्यात.

दर पाच मिनिटांनी प्रत्येक नळीतला थेंब पांढऱ्या बशीत घ्यावा, गार होऊ द्यावा आणि मग आयोडीनचा पातळ द्रव घालावा. थेंब गार होऊ देणे विसरू नये, कारण पिष्ट-आयोडीनचा निळा रंग उष्णतेने नाहीसा होतो आणि आपली फसगत होते. दुसऱ्या नळीतला निळा रंग आधी तांबूस होतो, मग नाहीसा होतो. तिसरीत हाच बदल सावकाश होतो. पहिली आणि चौथी निळीच राहतात. प्रयोगातला कोणताही द्रव चाखू नये.

प्रयोगानंतर मुलांपुढे तीन प्रश्न ठेवावेत. पहिली नळी कशासाठी घेतली? उकळत्या भातावर सातूचे पाणी ओतले, तर सहा तासांनीही पेय गोड का होणार नाही? आणि सातूंऐवजी मोड आलेली नाचणी घेतली, तर निळा रंग जायला वेळ जास्त लागेल की कमी? तिसऱ्याचे उत्तर आपण सांगू नये. नाचणी भिजत घालावी आणि मुलांनाच घड्याळ लावायला सांगावे.