खोली कोणाला मिळते?

एखादा मुलूख किती सनातनी आहे हे तिथल्या व्याख्यानमालांवरून ठरवू नये. त्या मुलखात नव्याने आलेल्या माणसाला खोली मिळते का, आणि मिळालीच तर काय सांगून मिळते, यावरून ते ठरवावे. आपल्याला हे कोणी शिकवण्याची गरज नाही. १९१७ साली परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. थोड्याच दिवसांत लाठ्या घेतलेली माणसे दाराशी आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. मित्रांकडे विचारून पाहिले. त्यांनी आपापल्या अडचणी सांगितल्या. पदवी होती, विद्या होती, दरबारची नोकरी होती. खोली नव्हती.

हा प्रसंग आपण दरवर्षी भाषणात सांगतो. मीही सांगत आलो आहे. पण तो मला नव्याने वाचावा लागला, त्याचे कारण या लेखात मांडायचे आहे.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकवतो. काही वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी नोकरीनिमित्त या गावी आली. ती परिचारिका. बरोबर दुसरी एक मुलगी होती, शिवणकाम करणारी. पहिली आपल्या समाजातली, दुसरी बागायतदार घरातली. दोघी एकमेकींच्या जोडीदार आहेत आणि घरच्यांनी लग्नाचा घाट घातला म्हणून जिल्हा सोडून आल्या आहेत, हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितले. म्हणाली, "सर, खोली बघून द्या."

आमच्याकडे खोली मागायला गेले की दोन प्रश्न येतात. पहिला, आडनाव काय? दुसरा, बाई एकटी असेल तर, मालक काय करतात? आमच्या भागात नवऱ्याला मालक म्हणतात, हे मुद्दाम सांगतो, कारण त्या एका शब्दात पुष्कळ काही आले. तीन घरे पहिल्या प्रश्नावरच संपली. चौथ्या घरी आडनाव चालले, तेव्हा दुसरा प्रश्न आला. तिच्याऐवजी मीच उत्तर दिले, "लग्न व्हायचंय अजून. दोघी मैत्रिणी आहेत." खोली मिळाली. परतताना ती म्हणाली, "सर, आडनाव लपवायचं नाही हे तुम्ही शिकवलंत. दुसऱ्या प्रश्नाला काय सांगायचं ते मात्र शिकवलं नाहीत." माझ्याजवळ उत्तर नव्हते.

सनातनी मुलूख समलिंगी माणसांना स्वीकारतो का, या प्रश्नाला सरळ हो किंवा नाही असे उत्तर देता येत नाही. शहरातल्या लोकांना वाटते की अशी माणसे खेड्यात एक दिवस राहू शकणार नाहीत. ते खरे नाही. ज्या समाजात स्त्री आणि पुरुष एका बाकावर बसत नाहीत, त्या समाजात दोन बाया एका खोलीत राहिल्या तर कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. दोन पुरुष एका खाटेवर झोपले तरी कोणी काही विचारत नाही. वर्षभर आमच्या गावाने त्या दोघींना चांगले वागवले. हळदीकुंकवाला बोलावले, सणाचे ताट पाठवले. पण गावाने स्वीकारले होते ते मी सांगितलेल्या गोष्टीला. त्या दोन माणसांना गावाने अजून पाहिलेच नव्हते. पांघरूण जोवर अंगावर आहे तोवरचाच हा स्वीकार असतो. बडोद्यालाही पारशी नाव चालले होते तोवर खोली होतीच.

मग पांघरूण सरकल्यावर एवढे बिघडते कशाने? दोन बाया एकत्र जेवतात, राहतात, आजारपणात एकमेकींचे करतात. यात कोणाचे काय जाते? याचे उत्तर आपल्याच विचारधनात आहे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे. जात टिकवायची तर कोणी कोणाशी लग्न करायचे यावर पहारा हवा. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली त्या पहाऱ्यातून कशा आल्या याची त्यांनी तिथे मांडणी केली आहे. हा निबंध आपण आंतरजातीय विवाहाच्या समर्थनार्थ वाचतो. तो आणखी एक पाऊल पुढे वाचला पाहिजे. पुरुषाशी लग्नच न करणारी स्त्री त्या पहाऱ्याच्या बाहेर उभी राहते. तिच्या पोटी जातीचा वारस नाही, तिच्या नावाने सोयरीक नाही, तिच्यामुळे शेताच्या वाटण्या कशा व्हायच्या याचे गणित चुकते. घराण्याला ती न बोलताच नकार देते. म्हणून आंतरजातीय लग्न करणाऱ्या मुलीवर आणि लग्नालाच नाही म्हणणाऱ्या मुलीवर उगारला जाणारा हात एकाच समाजपुरुषाचा असतो. ज्याला जात मोडायची आहे त्याला हा प्रश्न परका म्हणता येणार नाही.

बाबासाहेबांनाही तो परका वाटला नव्हता. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. लैंगिक विषयांवरच्या वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे हे त्याचे निमित्त होते. मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण समाज ज्या विषयावर तोंड बंद ठेवतो त्यावर ज्ञानाने बोलणे हा गुन्हा नव्हे, ही भूमिका त्यांनी घेतली होती.

आता कायद्याकडे पाहू. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवले होते. आपल्या संस्कृतीच्या नावाने ज्या कलमाची बाजू घेतली जाई, ते साहेबाने लिहिलेले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली सज्ञान व्यक्तींच्या खासगी संबंधांना त्यातून वगळले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते संबंध पुन्हा गुन्ह्याच्या बाहेर काढले. त्या निकालाचा आधार होता संविधानिक नीती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितले होते की ही नीती माणसात आपोआप उगवत नाही, तिची मशागत करावी लागते. सत्तर वर्षांनी ते विचार या निकालाच्या पानांत आले.

पण गुन्हा नसणे वेगळे आणि हक्क असणे वेगळे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. २०२४ साली केंद्र सरकारने सूचना काढल्या, त्यांनुसार अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एका कुटुंबातले धरावे, आणि संयुक्त बँक खात्याला व त्या खात्यावर नॉमिनी म्हणून नाव लावण्याला आडकाठी नाही. खोलीचे काय? अस्पृश्यतेच्या कारणाने वस्तीत राहण्यास मज्जाव करणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरवले. तृतीयपंथी व्यक्तींना भाड्याची जागा नाकारण्यास २०१९ च्या कायद्याने मनाई केली. समलिंगी जोडप्याला खोली नाकारणाऱ्या घरमालकाला अडवणारा असा कायदा नाही.

आमच्या गावी पुढे जे घडले ते या फटीतूनच घडले. शिवणकाम करणाऱ्या मुलीच्या घरच्यांनी ती हरवल्याची तक्रार दिली. अशा प्रकरणात २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाने एक चांगला पायंडा पाडला आहे. मदुराईहून चेन्नईला आलेल्या दोन मुलींच्या खटल्यात न्यायमूर्तींनी सांगितले की, दोघी सज्ञान आहेत आणि स्वखुशीने राहतात असे दिसले तर पोलिसांनी जबाब घेऊन तक्रार बंद करावी. आमच्याकडेही जबाब घेऊन सोडून दिले. कायदा पाळला गेला. पण जबाबात काय लिहिले ते दिवस मावळायच्या आत पेठेत पोहोचले. दुसऱ्या दिवशी घरमालकांनी आठ दिवसांची मुदत दिली. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "सर, आमच्या घरात पोरीबाळी आहेत," एवढेच ते म्हणाले.

मी दोघींना आपल्या वस्तीत आणले. इथे प्रश्नच येणार नाही, अशी माझी समजूत होती. विहारात बैठक झाली. ज्यांच्याबरोबर मी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, ते कार्यकर्ते बोलले, "सर, वस्तीत पोरीबाळी आहेत. परिणाम होईल." शब्दसुद्धा तेच. हेच शब्द आपल्या मुलांना शाळेत वेगळे बसवताना वापरले जात होते. मी उठून हे सांगायला हवे होते. मी बराच वेळ गप्प बसलो. चळवळीत फूट नको, असे स्वतःला समजावत होतो. फूट नको म्हणून गप्प बसणारे पुढारी आपण काय कमी पाहिले आहेत?

बोलल्या त्या मागे बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात जी जाळपोळ झाली, तीत त्यांचे खेड्यातले घर गेले होते. त्या म्हणाल्या, "अठ्ठ्याहत्तरला मी दोन लेकरं घेऊन हितं आले, तवा या वस्तीनं मला काय इचारलं व्हतं? माझ्या घराशेजारची खोली मोकळी हाय. पाणी सकाळी सहाला येतं, तेवढं त्या पोरींना सांगा."

दोघी आता तिथे राहतात. सगळे सुरळीत झाले असे मी लिहिणार नाही. काही घरे अजून शिवण टाकत नाहीत. बैठकीतले दोन कार्यकर्ते माझ्याशी मोजकेच बोलतात. पण रेशनकार्डावर दोघींची नावे एकत्र लावण्याचा अर्ज गेला आहे आणि त्यावर रहिवासाची साक्ष मंडळाच्या अध्यक्षांनी दिली आहे.

मुलखाची कसोटी भाषणांत नसते, ती अशा कामात असते. खरे सांगून खोली मिळते का? नोकरी टिकते का? रेशनकार्डावर नाव लागते का? दवाखान्यात सही कोणाची चालते? हे प्रश्न आपण सवर्ण वस्तीला विचारतोच. ते आपल्या वस्तीलाही विचारले पाहिजेत. शिक्षकांनी जातिसंस्थेवरचा तो निबंध या अंगानेही वर्गात शिकवावा. विद्यार्थ्यांनी आपल्या वसतिगृहात कोण गप्प राहून दिवस काढतो आहे याकडे लक्ष द्यावे. आणि कार्यकर्त्यांनी, माझ्यासारख्यांनी, बैठकीत पहिल्याच वाक्याला उभे राहावे. म्हातारी बाई बोलेपर्यंत थांबू नये.