वृक्कनलिका-अपविकास, आनुवंशिक
वृक्कातील (मूत्रपिंडातील) सूक्ष्म नलिकांचा गर्भावस्थेतच पुरेसा विकास न होण्याच्या एका दुर्मिळ आनुवंशिक विकाराला हे नाव देतात. यात दोन्ही वृक्के आपल्या जागी असतात व त्यांचे आकारमानही बहुधा साधारण असते. परंतु नलिका अपक्व राहिल्यामुळे गर्भाचे मूत्र जवळजवळ तयार होत नाही. बहुतेक अर्भके जन्मापूर्वी किंवा जन्मानंतर थोड्याच दिवसांत दगावतात. जे. ई. ॲलन्सन व त्यांचे सहकारी यांनी १९८३ मध्ये या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तो आनुवंशिक असण्याची शक्यता दर्शविली.

कारणे : वृक्कातील प्रत्येक मूत्रजनक एककात केशिकागुच्छ (सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा पुंजका) व त्याला जोडलेली नलिका असते. केशिकागुच्छातून गाळल्या गेलेल्या द्रवातील बहुतेक पाणी व लवणे नलिकेचा पहिला, नागमोडी भाग परत शोषून घेतो. या विकारात नेमका हाच भाग तयार होत नाही किंवा अत्यल्प प्रमाणात आढळतो.

यामागील कारण रक्तदाब नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेत आहे. वृक्कातून स्रवणारे रेनीन हे एंझाइम यकृतात तयार होणाऱ्या अँजिओटेन्सिनोजेन या प्रथिनाचे विभाजन करते. त्यातून बनलेल्या पदार्थाचे दुसऱ्या एका एंझाइमामुळे क्रियाशील अँजिओटेन्सिनात रूपांतर होते आणि ते पेशींवरील विशिष्ट ग्राहीशी संलग्न होऊन कार्य करते. गर्भाचा रक्तदाब मुळातच कमी असल्याने वृक्कातील रक्तप्रवाह टिकविण्यासाठी ही साखळी अत्यावश्यक असते. तिची एक कडी जरी निकामी झाली, तरी वृक्कास पुरेसे रक्त मिळत नाही, गाळणक्रिया मंदावते व नलिकांची वाढ खुंटते. फ्रान्समधील ऑलिव्हिए ग्रिबूव्हाल, मारी-क्लेअर ग्यूब्लेर व त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये नऊ कुटुंबांतील ११ रुग्णांचा अभ्यास करून या चार कड्यांच्या जीनांमधील (आनुवंशिक घटकांमधील) उत्परिवर्तने हे विकाराचे कारण असल्याचे दाखविले.

आनुवंशिकता : विकार अप्रभावी स्वरूपाचा असून मुलगा व मुलगी यांना सारख्याच प्रमाणात होतो. आई व वडील या दोघांकडून सदोष जीन मिळाला, तरच तो प्रकट होतो. माता-पिता स्वतः निरोगी वाहक असतात. अशा दांपत्याच्या प्रत्येक गर्भारपणात विकाराची शक्यता एकचतुर्थांश असते. एक अपत्य दगावले म्हणजे पुढील तीन सुरक्षित, असा याचा अर्थ नव्हे.

दक्षिण महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल आहे; इरावती कर्वे यांनी आपल्या आप्तसंबंधविषयक ग्रंथात (१९५३) तिचे विवेचन केले आहे. सख्ख्या आते-मामेभावंडांचे सरासरी एक-अष्टमांश जीन समाईक असतात. त्यामुळे दोघेही एकाच दुर्मिळ दोषाचे वाहक असण्याचा संभव वाढतो. नात्यातील विवाहामुळे दोष निर्माण होत नाही. घराण्यात सुप्त असलेला दोष प्रकट होण्यास वाव मिळतो, एवढेच. नाते नसलेल्या दांपत्यांतही हा विकार आढळतो.

लक्षणे : गर्भारपणाच्या उत्तरार्धात गर्भजल मुख्यत्वे गर्भाच्या मूत्रापासून बनते. साधारणपणे विसाव्या आठवड्यानंतर ते घटू लागते व पुढे नाहीसे होते. गर्भजलाअभावी फुप्फुसे अविकसित राहतात, हातपाय वाकडे होतात व चेहरा चपटा दिसतो. या चेहरेपट्टीचे वर्णन अमेरिकन विकृतिवैज्ञानिक ईडिथ पॉटर यांनी १९४६ मध्ये केले होते. कवटीची हाडे अपुरी वाढलेली व त्यांमधील फटी रुंद असतात. जन्मानंतर श्वास घेणे कठीण जाते, मूत्र होत नाही आणि रक्तदाब औषधांनीही वाढत नाही.

निदान : अठराव्या ते विसाव्या आठवड्यात केलेली सोनोग्राफी (श्राव्यातीत ध्वनितरंगांनी घेतलेली प्रतिमा) पूर्णपणे निर्दोष दिसू शकते. नंतर गर्भजल आटलेले, पण वृक्के साधारण दिसत असतील, तर या विकाराची शंका घ्यावी लागते. निश्चित निदान वृक्कोतकाच्या सूक्ष्मदर्शकीय परीक्षणाने किंवा जीनांच्या तपासणीने होते. कोल्हापूर शहरालगतच्या उचगावसारख्या गावातील गर्भवतीस सोनोग्राफीची सोय जवळच मिळते. परंतु दगावलेल्या अर्भकाची शवपरीक्षा करण्यास कुटुंबे सहसा तयार होत नाहीत. अशा वेळी ‘पाणी कमी झाले’ एवढीच नोंद राहते आणि पुढील गर्भारपणातील धोका माता-पित्यांना कळत नाही. शवपरीक्षा नको असल्यास निदान नाळेतील रक्ताचा नमुना जीन-तपासणीसाठी जतन करणे उपयुक्त ठरते. कुटुंबातील उत्परिवर्तन ज्ञात असल्यास पुढील गर्भाचे निदान गर्भारपणाच्या सुरुवातीलाच करता येते.

आनुवंशिक नसलेला प्रकार : रक्तदाब कमी करणारी एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे हीच साखळी खंडित करतात. गर्भारपणाच्या दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीत आईने ती घेतल्यास गर्भाच्या वृक्कात असाच बिघाड उद्भवतो. हा प्रकार टाळता येतो. त्यामुळे रक्तदाब असलेल्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वीच वैद्यांच्या सल्ल्याने औषध बदलून घ्यावे. ते आपल्या मनाने बंद करू नये. एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांपैकी ज्याचे रक्त दुसऱ्याकडे वाहून जाते, त्या गर्भातही हे बदल आढळतात.

चिकित्सा व प्रतिबंध : मूळ दोषावर उपचार नाही. कृत्रिम श्वसन, अपोहन (कृत्रिम रीतीने रक्तशुद्धी) व लवण टिकविणारी संप्रेरके यांच्या साहाय्याने मोजकी अर्भके जगली आहेत. त्यांतील काहींना पुढे वृक्करोपण करावे लागते. म्हणून आनुवंशिकीविषयक सल्ल्यास विशेष महत्त्व आहे. राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणाखाली (२०२१) निवडलेल्या विशेष केंद्रांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचा समावेश आहे. गर्भलिंगनिदानास बंदी घालणारा १९९४ चा केंद्रीय कायदा आनुवंशिक विकारांच्या तपासणीस मुभा देतो. गर्भपातविषयक १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरविल्यास चोवीस आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही. गर्भजल उशिरा आटणाऱ्या या विकारात ही तरतूद महत्त्वाची ठरते. निर्णय मात्र सर्वस्वी त्या स्त्रीचा असतो.