शेपूट सापडेना

धानोऱ्याच्या बाजारात मराठी, गोंडी आणि छत्तीसगढी एकाच दुकानात कानावर पडतात. त्यामुळे क्रॉस कंपायलर समजावून सांगणं इथं सोपं जातं: बसायचं एका प्रोसेसरवर, लिहायचं दुसऱ्याच्या भाषेत. बांधायचं एका यंत्रावर, चालवायचं दुसऱ्यावर आणि कोड काढायचा तिसऱ्यासाठी, असा प्रकार असला तर त्याला ‘कॅनेडियन क्रॉस’ म्हणतात. नाव पडलं तेव्हा कॅनडात तीन राष्ट्रीय पक्ष होते, म्हणून. धानोराही चाललं असतं.

माझं काम दोनच यंत्रांचं. लॅपटॉप जुना, इंटेलचा, ३२ बिटांचा, २ जीबी रॅमचा. पाण्याच्या टाकीसाठी आणलेला बोर्ड एआरएम कॉर्टेक्स-एम३चा. तयार कंपायलर मिळाला तो ६४ बिटांचा. शेवटी जीसीसी हा कंपायलर मुळापासून बांधायला घेतला.

क्रम ठरलेला. आधी बिनयुटिल्स, म्हणजे असेंब्लर आणि लिंकर. मग सी भाषेपुरता जीसीसी. मग न्यूलिब ही लायब्ररी. शेवटी पूर्ण जीसीसी. जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी या गणिती लायब्रऱ्या आणणारी स्क्रिप्ट सोर्समध्येच असते, पण मोबाइलच्या नेटवर एक फाइल अर्धीच उतरली आणि उघडेचना. ती पुन्हा आणली. हौसेनं चार कामं एकदम लावली, तर मेमरी संपून लिनक्सनं कंपायलरच मारून टाकला. ४ जीबी स्वॅप दिला, एका वेळी एकच काम ठेवलं.

रात्री पावसात लाइन गेली, मागोमाग बॅटरीही. बांधणी चालवणारा ‘मेक’ फाइलींच्या वेळा बघून राहिलेलं काम पुढं नेतो, पण वीज जाताना लिहिली जात असलेली फाइल कधी शून्य बाइटची उरते, वेळ मात्र ताजी. मेकला वाटतं काम झालं. लिंकर मात्र बोंबलतो. अशा रिकाम्या ऑब्जेक्ट फाइली शोधून उडवल्या.

खरी दमछाक पुढं होती. जीसीसीची स्वतःची लायब्ररी लिबजीसीसी बांधताना संदेश आला: ऑब्जेक्ट फाइलचा प्रत्यय काढता येत नाही. प्रत्यय म्हणजे नावामागचं ‘.ओ’ एवढंच शेपूट! त्या शेपटामागं मी दोन तास घालवले. ‘कॉन्फिग.लॉग बघा’ असं तिथंच लिहिलं होतं, आणि बघितलाही होता, पण वरच्या फोल्डरातला. प्रत्येक उपफोल्डरात वेगळा असतो. लिबजीसीसीच्या फोल्डरातल्या लॉगमध्ये असेंब्लरची तक्रार होती, एआरएमचा हा पर्याय मला ओळखू येत नाही. येणार कसा? तो लॅपटॉपचाच, इंटेलचा असेंब्लर होता. बिनयुटिल्स मी ‘ऑप्ट’मध्ये बसवलं आणि जीसीसीला पत्ता दिला होम फोल्डरचा. त्याला एआरएमचा असेंब्लर सापडला नाही, हाताशी होता तो त्यानं उचलला. चाचणीची चिमुकली फाइल कंपाइलच झाली नाही, मग शेपूट कशाचं मोजणार?

नुसतं ‘मेक क्लीन’ करून भागलं नसतं. बिल्ड फोल्डर अख्खा पुसला, दोघांना एकच प्रीफिक्स, म्हणजे बसवायचा पत्ता, दिला, तिथला बिन फोल्डर पाथमध्ये सगळ्यात पुढं घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन ओळींचा प्रोग्राम कंपाइल केला. ‘फाइल’ कमांडनं सांगितलं: ईएलएफ, ३२ बिट, एआरएम. न्यूलिब अजून बाकी आहे.