दोन भाषांची एक मुद्रा

अमेरिकेत जन्मलेल्या मराठी मुलांच्या तोंडी आपली भाषा कितपत टिकेल, ही चिंता आज पुष्कळ सुशिक्षित घरांत वाहिली जाते. ज्यांचे मुलगे-मुली तिकडे स्थायिक झाले आहेत, त्या आजी-आजोबांस तर ती विशेषच जाचते. ‘आम्ही बोललेले नातवास कळते, पण उत्तर तो इंग्रजीत देतो,’ हे वाक्य आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी ऐकले असेल, कित्येकांनी स्वतः उच्चारलेही असेल. अशा कुटुंबांस उपयोगी पडावी म्हणून तिकडील एका शालेय सन्मानाची माहिती येथे देण्याचे योजिले आहे. ‘सील ऑफ बायलिटरसी’ हे त्याचे नाव. मराठीत त्यास ‘द्विभाषा-साक्षरतेची मुद्रा’ म्हणता येईल.

हायस्कूलचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या विद्यार्थ्याने इंग्रजी आणि तिच्याखेरीज दुसरी एखादी भाषा, अशा दोहोंत ठरावीक दर्जाचे प्रावीण्य दाखविले, म्हणजे त्याच्या प्रमाणपत्रावर अथवा गुणपत्रकावर ही मुद्रा उमटविली जाते. आपल्याकडील जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती वाचकांस ठाऊक असेलच. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात अग्रस्थान मिळविणाऱ्यास ती मिळे. १९१२ साली चिंतामणराव देशमुख तिचे मानकरी झाले होते. तो मान एकाचा आणि बाकीच्यांच्या वाट्यास हळहळ. या मुद्रेचे तसे नाही. येथे क्रमांक नाही, स्पर्धा नाही. जो जो ठरविलेली पायरी गाठील, त्या त्या प्रत्येकास ती मिळते.

हिच्या जन्माची हकीकत मोठी बोधप्रद आहे. कॅलिफोर्निया राज्यात स्पॅनिश व इतर भाषा बोलणाऱ्या कुटुंबांची वस्ती फार मोठी. त्या मुलांची घरची भाषा म्हणजे शिक्षणाच्या मार्गातील धोंड, असे मानणारा पक्ष तेथे प्रबळ होता, आणि १९९८ साली मतदारांच्या कौलाने सरकारी शाळांतील द्विभाषिक शिक्षणावर कडक निर्बंध घालण्यात आले. अशा प्रतिकूल काळात काही शिक्षणप्रेमी मंडळींनी निराळीच युक्ती योजिली. घरच्या भाषेची बाजू वादाने मांडीत बसण्यापेक्षा त्या भाषेतील प्रावीण्याचा उघड गौरव करावा, असे त्यांनी ठरविले. ‘कॅलिफोर्नियन्स टुगेदर’ या संस्थेने ही चळवळ पुढे नेली. २०११ साली राज्याच्या विधिमंडळाने तसा कायदा केला व १ जानेवारी २०१२ पासून तो अमलात आला. न्यूयॉर्कने २०१२ साली आणि इलिनॉयने २०१३ साली त्याचे अनुकरण केले, आणि पुढे ही प्रथा जवळजवळ सर्व देशभर पसरली. खुद्द कॅलिफोर्नियातील ते जुने निर्बंधही २०१६ साली मतदारांनीच उठविले. ज्या भाषेस कालपर्यंत उणीव म्हणून हिणविले, तीच आज भूषण म्हणून मिरविता येते, हे परिवर्तन लहान नव्हे.

परीक्षेची रीत राज्याराज्यांत निरनिराळी आहे. भाषाप्रावीण्य मोजण्यासाठी तेथे प्रारंभिक, मध्यम, प्रगत अशा चढत्या पायऱ्या ठरविलेल्या असून त्यांपैकी प्रत्येकीचे पुन्हा कनिष्ठ, मध्य व वरिष्ठ असे तीन भाग केलेले आहेत. इलिनॉयसारख्या राज्यांत मुद्रेसाठी मध्यम पायरीचा वरिष्ठ भाग गाठावा लागतो. म्हणजे काय? ‘मला भूक लागली’, ‘मी शाळेत जातो’ एवढ्या सुट्या वाक्यांनी तेथे भागत नाही. घडलेली गोष्ट क्रमाने सांगता आली पाहिजे, भूत-वर्तमान-भविष्य हे काळ बहुतांशी नीट वापरता आले पाहिजेत आणि वाक्यास वाक्य जोडून परिच्छेद उभा करता आला पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये तर विद्यार्थ्यास एखाद्या विषयावर निबंध वा प्रकल्प सिद्ध करून तो परीक्षकांपुढे त्या भाषेत मांडण्याचाही मार्ग आहे. फळही केवळ शोभेचे नाही. इलिनॉयच्या कायद्याने तेथील सरकारी महाविद्यालयांनी ही मुद्रा हायस्कुलातील दोन वर्षांच्या परभाषा-अभ्यासाच्या तोडीची मानावी, असे ठरविले आहे.

संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकास येथे समासांची आठवण झाल्यावाचून राहात नाही. तत्पुरुषात उत्तरपद प्रधान असते, पूर्वपद त्याच्या सेवेत राहते. परदेशी वाढणाऱ्या मुलाच्या ठिकाणी मराठी व इंग्रजी यांचा बहुधा असाच तत्पुरुष होतो. पुढे आलेली इंग्रजी धनीण होते आणि मराठी सणावारी तिच्या पाठीमागे उभी राहते. उलट द्वंद्वात दोन्ही पदे प्रधान असतात. ही मुद्रा द्वंद्व समासाची आहे. एका भाषेतील वैभव दुसरीतील दारिद्र्याची भरपाई करू शकत नाही.

आता मराठी मुलांची अडचण कोठे येते ते पाहू. स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, चिनी वगैरे भाषांसाठी ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या नावाच्या प्रसिद्ध परीक्षा आहेत. मराठीसाठी तशी परीक्षा नाही. अलीकडे मराठीचे लेखन व संभाषण तपासणारी निराळी चाचणी उपलब्ध झाली आहे खरी, परंतु आपली शाळा ती ग्राह्य धरते किंवा नाही, याची चौकशी पालकांनी नववीच्या सुमारासच केलेली बरी. १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली तिकडे गावोगावी मराठी शाळा चालतात. बहुतेक ठिकाणी सुट्टीच्या दिवशी, स्वयंसेवक आई-बापांच्या श्रमावर, हे काम होत असते. पण आठवड्यातील एक-दोन तास म्हणजे किती? खरी उणीव कानाची नसते, हाताची व डोळ्यांची असते. श्रवण घरात आपोआप घडते, भाषण थोड्या आग्रहाने येते. वाचन आणि लेखन मात्र शिकविल्यावाचून येत नाही.

आणि येथेच आजी-आजोबांचे काम सुरू होते. दूरध्वनीवर ‘जेवलास का?’ एवढे विचारून थांबू नये. ‘काल शाळेत काय झाले ते सारे सांग,’ असे म्हणावे आणि मध्ये न तोडता ऐकावे. महिन्यातून एक पत्र देवनागरीत, ठसठशीत अक्षरात, स्वहस्ते लिहावे व उत्तर मराठीतच मागावे. पत्रात चुका आल्या तर हसू नये. पुढच्या पत्रात तेच शब्द आपण शुद्ध लिहून दाखवावेत. चुकीस हसल्याने शब्द सुधारत नाही, पत्र मात्र बंद पडते.

कोणी म्हणेल, मातृभाषा काय मुद्रेच्या लोभाने शिकावयाची? शंका रास्त आहे. परंतु चौदा-पंधरा वर्षांच्या मुलास आपल्या सवंगड्यांच्या नजरेची किंमत फार असते. जी भाषा केवळ घराच्या चार भिंतींत चालते तिची त्यास लाज वाटू लागते. शाळेने तिच्यावर मोहोर उठविली की तीच त्यास मिरवावीशी वाटते. लोभाने उघडलेल्या पुस्तकाची पुढे गोडी लागल्याची उदाहरणे आम्हां शिक्षकांस काही कमी ठाऊक नाहीत.

शेवटी एक विचार आपल्या घरापुरताही करावा. हीच कसोटी उद्या पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळांत शिकणाऱ्या आपल्या मुलांस लावली, तर मराठीतील एक परिच्छेद न अडखळता वाचून त्यावर दुसरा स्वतःच्या शब्दांत लिहिणारी किती निघतील? परीक्षक बोलाविण्याची गरज नाही. आज सायंकाळी वर्तमानपत्राचा अग्रलेख मुलाच्या हाती द्यावा आणि समोर बसावे.