गावातच रोजगार

महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरातली अनेक माणसं माथाडी कामासाठी मुंबईला गेली. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांना संरक्षण दिलं, पण घर मागेच राहिलं. म्हणूनच आज इथल्या तरुणाला पगाराइतकीच गावात राहण्याची ओढ असते, आणि ती रास्तच आहे. २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली स्ट्रॉबेरी त्याला गावातच राहून कमावण्याची संधी देते. पावसाळा सरताना लागण, हिवाळ्यात सकाळीच तोडणी, मग आकारानुसार प्रतवारी करून डब्यांत भरणी: स्वतःच्या निर्णयाचं फळ त्याच हंगामात हाती येतं. पर्यटनातूनही काम मिळतं: २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ झालेल्या इथल्या भिलारलाही पर्यटक येतात. मात्र मुसळधार पावसात पर्यटन मंदावतं. तेव्हा बाराही महिने पगार देणारी नोकरी अनेकांना खुणावते.