ईसीजीची केबल : आलेखाइतकीच महत्त्वाची

मोहाडीसारख्या तालुक्याच्या गावी छातीत दुखू लागलेल्या रुग्णाची पहिली तपासणी म्हणजे ईसीजी. रुग्णाला भंडारा किंवा नागपूरला हलवायचे का, हे ठरवताना या कागदाचा मोठा आधार असतो. म्हणूनच यंत्राइतकेच यंत्र आणि रुग्ण यांना जोडणाऱ्या केबललाही महत्त्व आहे.

हृदयाचा विद्युत संकेत त्वचेपर्यंत पोहोचताना जेमतेम १ मिलिव्होल्ट उरतो. हृदयविकाराच्या झटक्याची शंका असली की डॉक्टर रेघ एका मिलिमीटरने उचलली गेली आहे का, हेही पाहतात. तो मिलिमीटर म्हणजे अवघा ०.१ मिलिव्होल्ट. खोलीच्या भिंतीत मात्र २३० व्होल्टची वीज असते. केबलला संरक्षण नसेल तर या विजेचा प्रभाव तिच्यात शिरतो आणि रेघ दातेरी होते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आणि कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकणारा. त्यामुळे एका मोठ्या चौकोनात सारख्या अंतरावर दहा बारीक दाते दिसले, तर दोष हृदयाचा नसून बाहेरच्या विजेचा आहे असे समजावे.

यावर पहिला उपाय म्हणजे तारेभोवती धातूच्या जाळीचे आवरण असलेली केबल. वारंवार वाकून ही जाळी आतून तुटते. वरून केबल धडधाकट दिसते. दुसरी गोष्ट मांडणीची. दहाही तारा एकत्र, रुग्णाच्या अंगालगत ठेवाव्यात. त्या पसरून मोठे वेढे झाले की चुंबकीय प्रभाव वाढतो. विजेची वायर त्यांच्याजवळून नेऊ नये. तिसरी गोष्ट, केबल त्याच यंत्रासाठी बनवलेली हवी. काही केबलमध्ये झटका देणाऱ्या यंत्रापासून बचाव करणारे रोधक असतात; पिन बसली म्हणजे केबल जुळली असे नव्हे.

तारेची लांबी हा एकटाच दोष नसतो. नेदरलँड्समधील लायडन येथे विलेम आइंथोव्हेन यांनी १९०५ मध्ये रुग्णालयातील रुग्णांचे संकेत टेलिफोनच्या तारेने सुमारे दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत नेऊन आलेख काढले होते.

फिल्टर लावला की कागद स्वच्छ दिसतो, पण काही फिल्टर लाटेचा आकारही बदलतात. म्हणून आधी त्वचा पुसून इलेक्ट्रोड नीट बसवावेत, केबल तपासावी आणि लगेच दुसरा आलेख काढावा. आलेख अस्पष्ट आहे म्हणून छातीतल्या दुखण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नये.