एफिक भाषा

एफिक भाषा : नायजेरियाच्या आग्नेय भागातील एक भाषा. क्रॉस नदीच्या मुखाजवळील कॅलाबार नगर व त्याचा परिसर हे तिचे मुख्य क्षेत्र. नायजर-काँगो भाषाकुलाच्या बेन्वे-काँगो शाखेतील लोअर क्रॉस गटात ती मोडते. नदीपलीकडील इबिबिओ, अनांग व ओरोन ह्या भाषाही ह्याच गटातल्या.

एफिक व इबिबिओ भाषिकांना एकमेकांचे बोलणे बव्हंशी समजते. इबा (दोन), इता (तीन) ही संख्यानामे दोहोंत समान आहेत. ‘तीन’ ह्या अर्थी इग्बोत अतॉ व योरुबात एता असे शब्द आढळतात. ते मात्र दूरच्या नात्याचे द्योतक होत. पूर्वेकडील एजाघम ही बांटू समूहाला अधिक जवळची. तथापि नाते दूरचे म्हणून देवघेव थांबली नाही. एक्पे (बिबळ्या) ह्या पुरुषांच्या गुप्तमंडळाचा एजाघम परंपरेशी निकट संबंध आहे. गुलामांबरोबर ते क्यूबात पोहोचले आणि तेथील अबाकुआ पंथाच्या विधिभाषेत एफिक शब्द टिकून राहिले.

एफिक ही सूरप्रधान भाषा आहे. अक्पा हा शब्द सुराच्या भेदाने ‘नदी’ किंवा ‘पहिला’ असा अर्थ देतो. प्रचलित लेखनात सूर बहुधा दाखवीत नाहीत व अर्थ संदर्भावरून लावावा लागतो. ह्या सूरव्यवस्थेचा अभ्यास आयडा वॉर्ड ह्या विदुषीने १९३३ मध्ये प्रसिद्ध केला.

एफिक ही इबिबिओची बोली, की स्वतंत्र भाषा, हा वाद भाषाशास्त्रापेक्षा इतिहासाने अधिक घडविला आहे. इबिबिओ भाषिक एफिक भाषिकांच्या कितीतरी पट आहेत. परंतु यूरोपीय व्यापार कॅलाबारच्या एफिक व्यापाऱ्यांच्या हाती होता. १८४६ मध्ये प्रेसबिटेरियन धर्मोपदेशक आले तेही तेथेच, आणि त्यांनी एफिक लिपिबद्ध केली. ह्यू गोल्डीकृत ‘नवा करार’ १८६२ मध्ये व संपूर्ण बायबल १८६८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे इबिबिओ व अनांग प्रदेशांतील प्रार्थनामंदिरांत आणि शाळांतही एफिकच चालली. घरी एक बोलायचे व पुस्तकात दुसरे वाचायचे, ही स्थिती मुलांच्या अंगवळणी पडली; ती इबिबिओ अभ्यासकांना मात्र खटकत राहिली. १९८७ मध्ये क्रॉस रिव्हर राज्यातून आक्वा इबोम हे राज्य वेगळे झाल्यावर त्यांच्या आग्रहाला बळ मिळाले. ओकोन एसिएन ह्यांचे इबिबिओ व्याकरण १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. वडील पिढीतील अनेक इबिबिओ ख्रिस्ती लोकांचे धर्मवाचन मात्र एफिकमधूनच झालेले आहे.